वजन उतरवताना भात आणि पास्ता: नेमकं कमी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, राहायला ठाण्यात, त्यामुळे दोन्ही वेळा भात. तिघांत मिळून दर वेळी दोन वाट्या तांदूळ लागतो. दीड महिना भात पूर्ण बंद केला तेव्हा तीन किलो उतरले. गणपतीत पुन्हा भात सुरू झाला आणि आठवड्यात दोन किलो परत आले. आता ब्राऊन राइस घ्यावा का? फ्रीजमधला गार भात कमी कॅलरीचा असतो हे खरं का? रविवारी मुलासाठी व्हाइट सॉस पास्ता होतो, त्याचं काय करायचं? यजमानांना मधुमेहाची गोळी चालू आहे आणि तेही हाच आहार घ्यायचं म्हणताहेत.

ताई, भात सोडू नका. तुमच्या घरात दोनच गोष्टी मोजायच्या आहेत: शिजवण्याआधीचा तांदूळ, आणि भाताबरोबर ताटात येणारं तेल, खोबरं, तूप. पास्त्याच्या दिवशी याच यादीत लोणी आणि चीज. तांदळाची जात, तो शिजवायची पद्धत, खायची वेळ यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण वजनाच्या हिशोबात त्यांचा वाटा फार थोडा आहे.

आधी ते दोन किलो. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात एकदम बंद केला की हा साठा ओसरतो, बरोबरचं पाणी जातं, आणि काटा पहिल्याच आठवड्यात झपकन खाली येतो. भात सुरू केला की साठा भरतो, पाणी परत येतं, काटा वर जातो. आठवड्यात दोन किलो चरबी चढायला रोजच्या जेवणाच्या वर सुमारे १५ हजार कॅलरी खाव्या लागतील. मोदक कितीही झाले असले तरी एवढं तुम्ही खाल्लं नसणार. म्हणजे खरा उतार एखाद्या किलोचा होता, तो बहुतेक टिकलेला आहे, आणि परत आलेलं वजन मुख्यतः पाण्याचं आहे. “भातानेच मी फुगते” ही समजूत इथूनच पक्की होते.

आता तांदूळ. कोरड्या १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५५ कॅलरी. कोलम घ्या, इंद्रायणी, आंबेमोहोर, बासमती किंवा गावाकडून येणारा उकडा घ्या, हा आकडा फारसा हलत नाही. शिजल्यावर वजन अडीच ते तीन पट होतं, कारण त्यात पाणी शिरतं; म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी. इथेच गोंधळ होतो. भात मऊ की मोकळा यावर एका वाटीत किती तांदूळ मावला हे बदलतं. इंद्रायणीचा चिकट भात वाटीत दाबून बसतो, बासमतीचा मोकळा बसतो, आणि आपण दोन्हीला “एक वाटी” म्हणतो. म्हणून शिजलेला भात मोजत बसू नका. तांदूळ धुण्याआधी तोला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा फार महाग नसतो, आणि तोही रोज लागत नाही: एकदा ५० ग्रॅम तांदूळ तोलून तो कुठल्या लहान वाटीत सपाट बसतो ते पाहून ठेवा, पुढे तीच वाटी तुमचं माप.

तुमची नेहमीची वाटी साधारण १२० ग्रॅमची धरली तर दोन वाट्या म्हणजे २४० ग्रॅम. तिघांत समान वाटला तर माणशी ८० ग्रॅम, म्हणजे २८५ कॅलरी. (समान वाटला जातो का, हे तुम्हाला जास्त माहीत. पातेल्यात उरलेला भात “टाकायचा कशाला” म्हणून कोण खातं, हे मी प्रत्येक घरात विचारते आणि उत्तर प्रत्येक घरात एकच मिळतं.) तुमचा वाटा ५० ग्रॅमवर आणला तर जेवणामागे १०५ कॅलरी वाचतात, दोन्ही वेळचे मिळून २१० च्या आसपास. ५० ग्रॅम तांदळाचा भात १४० ते १५० ग्रॅम होतो. वाटी दाबून उलटी केलेली एक मोठी मूद. उपाशी राहण्यासारखं यात काही नाही.

ब्राऊन राइसबद्दल. त्यातही १०० ग्रॅमला साडेतीनशेच कॅलरी असतात. कोंडा राहिल्यामुळे तंतू आणि काही जीवनसत्त्वं जास्त मिळतात, पोट थोडं अधिक वेळ भरलेलं वाटतं. आवडत असेल तर जरूर खा. पण “ब्राऊन आहे” म्हणून दीडपट वाढून घेणारे खूप भेटतात. उकड्या तांदळाचंही तसंच: भरडण्याआधी वाफवल्यामुळे कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, रक्तातली साखर काहीशी सावकाश चढते, कॅलरी तेवढ्याच राहतात. तुमच्या गावाकडचा लाल उकडा मिळत असेल तर महागड्या पाकिटामागे जाऊ नका.

हाच मुद्दा भाकरीला लागू. भात सोडून ज्वारीवर गेलेली बरीच मंडळी ताटात दोन मोठ्या भाकऱ्या घेतात. एका भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन भाकऱ्या साडेतीनशे कॅलरीच्या पुढे जातात, सोडलेल्या भातापेक्षा जास्त. २०२५ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं त्यात दिसलं. पांढऱ्या तांदळासारख्या कर्बोदकांच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, एवढ्यानं मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातल्या प्रथिनांनी घेतला तिथे मात्र दिसला. धान्य बदललं पण मापाला हात लावला नाही, तर फारसं काही घडत नाही.

गार भाताची गोष्ट आली ती मुख्यतः श्रीलंकेतून. २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत मांडलं की तांदूळ शिजवताना खोबरेल तेल घातलं आणि भात बारा तास फ्रीजमध्ये ठेवला तर त्यातल्या स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो. कॅलरी निम्म्यावर येऊ शकतील, ही त्यांनी व्यक्त केलेली शक्यता होती. प्रत्यक्षात त्यांनी सांगितलेली घट दहा-बारा टक्क्यांची होती. व्हॉट्सॲपवर मात्र “निम्म्या कॅलरी” एवढंच पोहोचलं. त्याच वर्षीच्या एका इंडोनेशियन अभ्यासात साध्या भातावर मोजमाप झालं: ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम न पचणारा स्टार्च, चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. फरक एका ग्रॅमचा. पचणारा स्टार्च ग्रॅमला चार कॅलरी देतो, हा साधारण दोन. म्हणजे तुमच्या दीडशे ग्रॅम भातात वाचल्या तीन कॅलरी. साखर थोडी सावकाश चढते, एवढा फायदा मधुमेहींना असू शकतो. वजनासाठी त्यात काही नाही, आणि सकाळी त्याच शिळ्या भाताला मोठा चमचाभर तेलाची फोडणी दिली की १२० कॅलरी वर चढल्या. ठेवायचाच असेल तर भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो, आणि त्याचं विष गरम केल्यानंही जात नाही.

भात वेळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. पेज काढून टाकली की थोडा स्टार्च जातो, त्याबरोबर बी गटातली जीवनसत्त्वंही जातात. वेळलेल्या भातात पाणी जास्त राहतं, म्हणून वाटीमागे कॅलरी कमी दिसते. हल्ली “साखर काढणारे” राइस कुकर विकायला येतात त्यांची किमयाही बरीचशी हीच. आणि मालवणी घरात पेज टाकतं कोण? मीठ घालून प्यायलीच जाते.

आता मुख्य जागा, म्हणजे भाताच्या शेजारचं सगळं. तुमचं नेहमीचं दुपारचं जेवण घेऊ: भात, बांगड्याची आमटी, दोन तळलेल्या तुकड्या. आमटीच्या वाटपाला अर्धा नारळ. खवलेलं खोबरं शंभर ग्रॅमच्या आसपास, त्याच्या साडेतीनशे कॅलरी, माणशी सुमारे ११५. फोडणीचं तेल माणशी एक लहान चमचा, ४० कॅलरी. तुकड्यांना लावलेला रवा तव्यावरचं तेल चांगलं पितो, दोन लहान चमचे धरा, ८० कॅलरी. झाल्या २३५. भाताच्या २८५ शी तुलना करा, आणि सोलकढी अजून धरलेलीच नाही. भात डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याला. तेल-खोबरं कालवणात विरघळून जातं.

म्हणून मी प्रत्येकाला विचारते: महिन्याला तेलाच्या किती पिशव्या? तिघांच्या घरात चार लिटर लागत असेल, तर ते वजनात ३,६४० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. नुसत्या तेलाच्या रोज ३६० कॅलरी. तळणीतलं टाकून देता तेवढं वजा करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. तुम्ही अडीच लिटरवर आलात तर माणशी २५ ग्रॅम होतात आणि रोज १३० कॅलरी सुटतात. भाताचे २१० आणि हे १३०, झाले ३४०. जेवणातला एकही पदार्थ बाद न करता.

हे साधायला बाटलीतून थेट तेल ओतणं थांबवा, चमच्यानं घाला. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवलं तर आणखी चांगलं. वाटपात खोबरं निम्मं करून भाजलेला कांदा वाढवा, दाटपणा जात नाही. आठवड्यात दोनदा बांगड्याचं किंवा तारल्यांचं तिखलं करा. तिरफळ, मिरची, कोकम, खोबऱ्याला सुट्टी. बांगडा-तारली मुळात तेलकट मासळी, तिचं स्वतःचं तेल पुरतं. बिनमासळीच्या दिवशी कुळथाची पिठी करा, त्यात प्रथिनं आहेत आणि खोबरं लागत नाही. तळलेली तुकडी रविवारी खा की, कोण नाही म्हणतंय.

तांदूळ ८० चा ५० केला की ताटात मोकळी जागा दिसेल आणि पहिला आठवडा हात पातेल्याकडे जाईल. ती जागा भाजीनं भरा. राष्ट्रीय पोषण संस्थाही अर्धं ताट भाज्या-फळांचं सांगते. आपल्याकडे भाजी तोंडीलावण्यापुरती वाढतात, दोन चमचे. ती मोठी वाटीभर हवी, तीही चमचाभर तेलात केलेली. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मासळी किंवा उसळ, शेवटी भात असा क्रम ठेवून पाहा. या क्रमानं साखर कमी चढते हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि भातापर्यंत पोहोचेतो भूक निम्मी शमलेली असते. आमटी पातळ आणि भात कालवून केला की घास चावावा लागत नाही, पाच मिनिटांत ताट रिकामं होतं. आमटी दाट ठेवा, त्यात शेवग्याच्या शेंगा, दुधी, वांगं जाऊ द्या. आणि पातेलं टेबलावर ठेवू नका. “अजून एक डाव घे” हा आग्रह पातेलं समोर असलं की आपोआप होतो.

खिचडीत लोक तांदूळ दोन भाग, डाळ एक भाग घेतात. उलटं करा. डाळीतही १०० ग्रॅमला तांदळाइतक्याच कॅलरी असतात, तेव्हा नुसत्या अदलाबदलीनं आकडा उतरत नाही. पण प्रथिनं वाढतात, पोट लवकर भरतं, आणि एकूण धान्य-डाळ ७० ग्रॅमवर ठेवून उरलेली जागा भाजीनं भरता येते. वर तूप हवंच असेल तर लहान चमचा, मोजून. पोहे, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी हासुद्धा तांदूळच आहे, हे नाश्त्याला विसरू नका. दोन्ही वेळचा भात ठेवायचा तर नाश्ता अंड्यांचा किंवा मोड आलेल्या मुगाचा करा.

रात्रीच्या भाताचं भय काढून टाका. दिवसभराची बेरीज तीच असेल तर भात दुपारी खाल्ला की रात्री, यानं चरबीत मोजण्याजोगा फरक पडत नाही.

पास्ता. इथेही तीच तऱ्हा. कोरड्या पास्त्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे ते ३७० कॅलरी, तांदळाएवढ्याच. प्रथिनं मात्र जास्त, बारा-तेरा ग्रॅम. गव्हाचा, मल्टीग्रेन, मसूर किंवा चण्याचा पास्ता घेतलात तरी कॅलरींत फार फरक नाही. चण्या-मसुराच्या पास्त्यात प्रथिनं आणि तंतू बरेच वाढतात, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. इटलीच्या आहारतत्त्वांत एका माणसाची वाढणी कोरडा ८० ग्रॅम धरतात. आपल्याकडे अर्धं पाकीट, २५० ग्रॅम, तिघांत संपतं. माणशी ८३ ग्रॅम. तेव्हा पास्ता तुम्ही काही जास्त खात नाही. भानगड सॉसमध्ये आहे.

घरोघरी होणारा व्हाइट सॉस मांडून पाहू. लोणी ५० ग्रॅम, ३६० कॅलरी. मैदा दोन चमचे, ६५. फुल क्रीम दूध अर्धा लिटर, ४३५. प्रोसेस्ड चीज १०० ग्रॅम, ३१०. क्रीमचा अर्धा डबा, २४५. भाज्या परतायला मोठा चमचाभर तेल, १२०. बेरीज १,५३५, माणशी ५१०. त्यात पास्त्याचे २९५ मिळवा, ८०० च्या वर गेलं. ताटात भाजी म्हणजे मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरचीचे चार तुकडे. सोबत गार्लिक ब्रेड असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी जी पद्धत देते ती अशी. पास्ता तिघांना १८० ग्रॅम. फ्लॉवर ३०० ग्रॅम, चार-पाच लसूण पाकळ्यांबरोबर मऊ शिजवायचा, पाव लिटर टोन्ड दूध आणि ४० ग्रॅम चीज घालून मिक्सरला अगदी गुळगुळीत फिरवायचा. हाच सॉस. मोठा चमचाभर तेलात मश्रूम, ढोबळी मिरची, फरसबी, पालक, जे असेल ते ३०० ग्रॅम मोठ्या आचेवर परतायचं. ३०० ग्रॅम चिकन ब्रेस्टचे तुकडे, नाहीतर उकडलेले छोले घालायचे. पास्ता किंचित कच्चट असताना उपसायचा आणि त्याचं वाटीभर पाणी फेकायचं नाही. त्यातल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला धरून बसतो, क्रीमची आठवण येत नाही. मिरी भरपूर, चिमूटभर जायफळ. चिकन घालून याची बेरीज माणशी ५१५ च्या आसपास येते, ताट आधीपेक्षा मोठं दिसतं आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात. मुलाला चीज कमी वाटलं तर त्याच्या ताटात वरून किसून द्या. वाढत्या वयाच्या मुलाला तुमच्या मापात बसवायचं कारण नाही.

छोले ऐकून नाक मुरडू नका. इटलीत पास्ता ए चेची हा चणे-पास्त्याचा आणि पास्ता ए फाजोली हा राजमासारख्या घेवड्याचा, असे दोन्ही जुने घरगुती पदार्थ आहेत. लाल सॉस टोमॅटोपासून घरी केला तर सर्वात हलका. बाटलीतला घेतलात तर तेल आणि साखर कितव्या नंबरला आहेत ते लेबलवर पाहा. पेस्तोत मुख्यतः तेल आणि सुकामेवा असतो, तिघांत दोन चमचे पुरे. आणि पास्त्यासोबत ब्रेड नको.

बाहेर बिर्याणी, फ्राइड राइस, मसालेभात किंवा पास्ता घ्यायची वेळ आली तर एक प्लेट दोघांत, सोबत तंदुरी चिकन किंवा सॅलड. तिथलं तेल तुमच्या हातात नसतं, वाढणी असते.

उतार किती होईल? रोजच्या ३४० कॅलरींच्या तुटीनं कागदावर तीन आठवड्यांत एक किलो चरबी जाते. प्रत्यक्षात थोडं सावकाश होतं, कारण वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यातला आकडा मनावर घेऊ नका, तेव्हा पाणी साठतं. तीन-चार आठवडे काटा अजिबात हलला नाही तर तांदूळ आणखी कापायच्या आधी तेल, सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट आणि चहातली साखर पुन्हा मोजा. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय १,२०० कॅलरींच्या खाली जाऊ नका.

यजमानांसाठी थांबा. त्यांची गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात एकदम कमी केल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, गरगरणं. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. गोळीचं नाव पाहा आणि त्यांच्या ताटातला भात कमी करण्याआधी डॉक्टरांना फोन करून डोस बदलायचा का ते विचारा. क्रिअ‍ॅटिनिन (रक्ततपासणीतला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) वाढलेलं असेल तर वर सांगितलेलं डाळीचं प्रमाणही त्यांना लागू नाही. ते त्यांच्या रिपोर्टवरूनच ठरवावं लागेल.